मुलांचा पारखी आल्फ्रेद बिने

प्रत्येक शाळेत असा एखादा विद्यार्थी असतोच की, ज्याला एका जागी स्वस्थ बसणे म्हणजे मोठी शिक्षा वाटते. गुरुजी फळ्याकडे वळले की तो बाकाखाली शिरतो, शेजाऱ्याची वही ओढतो, क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येतो आणि क्षणभराने आपण काय केले हे विसरूनही जातो. पुण्याच्या पेठांतील जुनी शाळा असो, की मुठेच्या पलीकडील नव्या वसाहतीतील शाळा असो, अशा मुलाची कहाणी सर्वत्र सारखीच असते. त्याच्या घरी शाळेची चिठ्ठी जाते. वडील रागावतात, आई चिंतेत पडते आणि शेजारीपाजारी त्या मुलाला द्वाड ठरवून मोकळे होतात. मग कोणी जाणता मनुष्य आईवडिलांना सल्ला देतो की, मुलाला मारण्यापूर्वी त्याची एकदा नीट तपासणी तरी करून घ्यावी. आईवडील शाळेकडे तशी विनंती करतात. ठरलेल्या दिवशी एका शांत खोलीत मानसशास्त्र शिकलेल्या बाई त्या मुलासमोर चित्रे, मणी, ठोकळे मांडतात आणि त्याला लहानलहान प्रश्न विचारतात. मुलाला तो खेळच वाटतो. या खेळाची मूळ रचना सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरात झाली. ती करणाऱ्या पुरुषाचे नाव आल्फ्रेद बिने.

बिने याचा जन्म जुलै १८५७ मध्ये, आज फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर असलेल्या नीस या गावी झाला. वडील डॉक्टर होते आणि आई चित्रकार होती. आल्फ्रेद लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि त्याचे संगोपन प्रामुख्याने आईनेच केले. वडील कडक शिस्तीचे होते. मुलगा भित्रा आहे, त्याची भीती एकदाची मोडली पाहिजे, असे मनात आणून त्यांनी त्याला एका मृतदेहाला स्पर्श करावयास लावले, असे सांगतात. भीती मोडणे दूरच राहिले. त्या प्रसंगाचा धसका त्याच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिला. मुलाच्या अंगी एखादा दोष दिसला की तो धाकाने काढून टाकावयाचा, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. त्या समजुतीचा चटका ज्याला बालपणीच बसला, तोच पुढे मुलांच्या मनाचा अभ्यासक झाला.

माध्यमिक शिक्षणासाठी आई त्याला पॅरिसला घेऊन आली. तेथील एका नामांकित विद्यालयात तो शिकला. शालान्त परीक्षेच्या वेळची एक गोष्ट तो जन्मभर विसरला नाही. तोंडी परीक्षेत एका फ्रेंच लेखकाचे वचन त्याने चुकून एका ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावर घातले. तेवढ्या चुकीवरून परीक्षक संतापले आणि या मुलाला तत्त्वचिंतनाची बुद्धी कधीही येणार नाही, असा निवाडा त्यांनी देऊन टाकला. एका चुकीवरून संपूर्ण आयुष्याचे भाकीत! ‘कधीही’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी किती सहज येतो आणि मुलाच्या मनात तो किती खोल रुतून बसतो, याविषयी बिने यांनी पन्नाशी उलटल्यानंतर आपल्या ग्रंथात लिहिले, तेव्हाही त्यांना तो प्रसंग जसाच्या तसा आठवत होता.

१८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, परंतु वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यास आरंभला, तोही अर्धवट सोडला. प्रकृतीही बिघडली. घरी पैशाची ददात नव्हती, म्हणून पोटासाठी धडपड करावी लागली नाही, एवढेच. मन रमविण्यासाठी ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊ लागले आणि तेथे मानसशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडले. मनुष्याचे मन कसे चालते, तो विचार कसा करतो, एक कल्पना दुसरीला कशी जोडली जाते, या प्रश्नांनी त्यांना झपाटून टाकले. गुरू नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. जे काही शिकले ते पुस्तकांतून.

पुढे त्यांना साल्पेत्रिएर या प्रसिद्ध रुग्णालयात प्रवेश मिळाला. तेथे शार्को नावाचे जगद्विख्यात डॉक्टर मज्जाविकाराच्या रुग्णांवर संमोहनाचे प्रयोग करीत असत. तरुण बिने त्यांच्या तेजाने दिपून गेले. फेरे नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी संमोहित रुग्णांवर प्रयोग केले आणि लोहचुंबक अंगाजवळून फिरविला असता रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूची लक्षणे दुसऱ्या बाजूस जातात, असे मोठ्या आत्मविश्वासाने प्रसिद्ध केले. बेल्जियममधील देल्बफ या विद्वानाला ही गोष्ट पटेना. तो स्वतः पॅरिसला आला व प्रयोग डोळ्यांनी पाहू लागला. पाहतो तो काय, पुढे काय घडणार आहे याची चर्चा डॉक्टरमंडळी रुग्णासमोरच मोकळेपणी करीत होती! चुंबक काहीच करीत नव्हता. डॉक्टरांना जे हवे होते ते रुग्ण नकळत करून दाखवीत होते. प्रथम बिने यांनी मोठ्या हिरिरीने आपली बाजू लढविली, परंतु अखेर चूक उघडपणे कबूल केली. त्या काळी त्यांच्यासारख्या महत्त्वाकांक्षी तरुणाला ही नामुष्की किती झोंबली असेल, याची कल्पना करावी. १८९० च्या सुमारास त्यांनी ते रुग्णालय सोडले. तपासणाऱ्याच्या मनातील अपेक्षा तपासल्या जाणाऱ्याच्या वागण्यात उतरते, हा धडा मात्र त्यांनी कायमचा गाठीशी बांधला. त्यांची पुढील सारी थोरवी या एका अपयशातून उगवली, असे म्हटले तरी चालेल.

मधल्या काळात, १८८४ साली, त्यांचा विवाह झाला होता. मादलेन आणि आलिस या दोन मुली झाल्या होत्या. रुग्णालय सुटल्यावर बिने यांनी घरातच अभ्यास मांडला. चालावयास शिकताना एक मुलगी सावधपणे, नेमक्या आधाराकडे पाहत पाऊल टाकी, तर दुसरी खोलीच्या मध्यभागी बेधडक जाऊन आपटे. एकाच घरात, एकाच आईवडिलांच्या हाताखाली वाढणाऱ्या या दोघींची विचार करण्याची रीत इतकी निराळी का, हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे मनात वागविला. ते मुलींना कोडी घालीत, शब्द सांगून मनात काय आले ते विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. त्यातून १९०३ साली त्यांचा बुद्धीविषयीचा मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात मुलींची खरी नावे बदलून त्यांनी दुसरी नावे घातली होती.

१८९१ साली रेल्वेच्या एका स्थानकावर त्यांची गाठ सोर्बॉन विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख बोनी यांच्याशी पडली. बिने यांनी बिनपगारी काम करण्याची तयारी दाखविली आणि ती मान्य झाली. थोड्याच वर्षांत ते तेथील प्रमुख झाले. तरीही पॅरिसमध्ये प्राध्यापकाचे पद त्यांना कधीच लाभले नाही. दोनदा संधी आली आणि दोन्ही वेळा ती दुसऱ्यांकडे गेली. विद्यापीठाने दार लावले, म्हणून ते शाळांकडे वळले. शाळांचे मात्र भाग्य उजळले.

त्या दिवसांत डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते, असा विद्वानांचा समज होता. बिने यांनीही शाळांत जाऊन मुलांची डोकी मापण्यास सुरुवात केली. हुशार मुले आणि अभ्यासात मागे असलेली मुले यांच्या मापांत पडलेला फरक अगदी नगण्य होता. एवढेच नव्हे, तर कोणता मुलगा हुशार म्हणून गणला जातो हे आधी ठाऊक असले की माप घेताना आपलाच हात नकळत झुकतो, अशी शंका त्यांना आली. साल्पेत्रिएरचा धडा येथे कामी आला. बरीच मेहनत वाया गेली होती, तरी त्यांनी ती वाट सोडून दिली. कवटी मापून काही हाती लागणार नव्हते. मुलाशी बोलावयास हवे होते.

आता त्या काळची फ्रान्समधील परिस्थिती पाहावी लागेल. १८८२ साली तेथे सहा ते तेरा वर्षांच्या सर्व मुलामुलींसाठी शिक्षण सक्तीचे झाले. आपल्याकडे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, हे या संदर्भात आठवावे. पूर्वी जी मुले शेतावर, गिरणीत किंवा रस्त्यावर दिवस काढीत, ती आता वर्गात आली. त्यांतील काही मुलांना कितीही शिकविले तरी धडा येईना. काही मुले मुळीच स्वस्थ बसत ना. सांगितलेले ऐकत ना. मारामारी करून वर्ग बंद पाडीत. अशा मुलांना वेड्यांच्या रुग्णालयात धाडावे, असे म्हणणारे लोकही होते. बिने ज्या बालअभ्यास मंडळात काम करीत, त्या मंडळाने या मुलांसाठी शाळेतच निराळे वर्ग काढावेत, असा आग्रह धरला. १९०४ साली शिक्षणमंत्र्यांनी या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि तिच्यावर बिने यांचीही नियुक्ती झाली.

समितीने एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले : योग्य तपासणी झाल्यावाचून कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून विशेष वर्गात घालू नये. तत्त्व उत्तम, परंतु ही तपासणी करावयाची कशी? एका डॉक्टरने ज्याला मंदबुद्धी म्हणावे, त्यालाच दुसऱ्याने तितकासा मंद नाही म्हणावे, असा प्रकार सर्रास चालू होता. शिक्षकांच्या मतावर विसंबावे, तर तेथेही अडचण होती. वर्गात त्रास देणाऱ्या खोडकर मुलाची ब्याद टळावी म्हणून शिक्षक त्याचे नाव विशेष वर्गासाठी सुचवतील, आणि एखादा गरीब, मुका राहणारा, खरोखर मदतीची गरज असलेला मुलगा कोणाला त्रास देत नाही म्हणून मागच्या बाकावर तसाच विसरला जाईल, हा धोका बिने यांनी स्पष्ट ओळखला होता. चुकीचा शिक्का बसलेल्या मुलाचे आयुष्य त्या शिक्क्याखाली दडपून जाते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

या कामी त्यांना तेओदोर सिमाँ नावाचा तरुण डॉक्टर येऊन मिळाला. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात मंदबुद्धी मुलांची देखभाल करणारा हा मनुष्य शांत, कष्टाळू आणि मुलांवर माया करणारा होता. दोघांनी मिळून १९०५ साली तीस कसोट्यांची एक मालिका प्रसिद्ध केली. कसोट्या सोप्यापासून अवघडाकडे चढत जाणाऱ्या होत्या. अगदी पहिली म्हणजे, पेटती काडी मुलाच्या डोळ्यांसमोरून फिरविली तर त्याची नजर तिच्यामागून जाते का? पुढे, चॉकलेटचा तुकडा आणि तेवढाच लाकडाचा तुकडा समोर ठेवल्यास खाण्याचा कोणता हे त्याला कळते का? मग चित्रातील वस्तूंची नावे सांगणे, दोन रेघांतील लांब रेघ दाखविणे, ऐकलेले तीन आकडे पुन्हा म्हणणे. फुलपाखरू आणि माशी यांत काय फरक, कागद आणि पुठ्ठा यांत काय फरक, असे प्रश्नही होते. शेवटी शेवटी घड्याळाचे दोन्ही काटे मनातल्या मनात अदलाबदल करून वेळ सांगावयाची, किंवा कंटाळा आणि दुःख यांतील भेद सांगावयाचा, अशा कसोट्या येत. त्या पुष्कळ मोठ्यांनाही जड जातात! यांत पाठांतर नव्हते की शुद्धलेखन नव्हते. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्यालाही उत्तर देता यावे, अशी शक्य तितकी काळजी घेतलेली होती.

१९०८ साली ही मालिका सुधारून निघाली. सुमारे दोनशे शाळकरी मुलांकडून कसोट्या करवून घेऊन, तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना काय जमते, चार वर्षांच्यांना काय, पाच वर्षांच्यांना काय, असे तेराव्या वर्षापर्यंत ठरविण्यात आले. नऊ वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या मुलांना जमणाऱ्या गोष्टींपाशी अडत असेल, तर त्याच्या बुद्धीची पातळी सात वर्षांची, असे म्हणता येऊ लागले.

कसोट्या घेण्याची रीतही बिने यांनी बारकाईने घालून दिली. खोली शांत असावी. मुलाशी आधी गोड बोलून त्याची भीड घालवावी. तो घाबरला तर धीर द्यावा. रागावू तर मुळीच नये. उत्तर चुकले तरी उत्तेजन देत राहावे, परंतु उत्तर सुचवू मात्र नये. मृतदेहाला हात लावावयास लावून भीती घालविण्याच्या रीतीपासून हा मनुष्य किती दूर आला होता!

परंतु ही एकच कसोटी म्हणजे संपूर्ण तपासणी, असे त्यांनी कधी मानले नाही. मुलगा इयत्तेच्या मानाने किती मागे आहे, हे आधी शाळेने पाहावे. नऊ वर्षांखालील मूल दोन वर्षे आणि त्याहून मोठे मूल तीन वर्षे मागे असेल, तर त्याची पुढील तपासणी करावी. मात्र ते शाळेत नियमित येत होते की नाही, याचाही हिशेब घ्यावा, कारण आजारामुळे किंवा गरिबीमुळे ज्याची शाळा बुडाली त्याला मंद म्हणणे अन्यायाचे आहे. त्यानंतर डॉक्टरने शरीर तपासावे. डोळे आणि कान तर प्रत्येकाचे तपासावेत, कारण फळ्यावरील अक्षर न दिसणारा मुलगा पुष्कळदा मठ्ठ ठरतो आणि स्वतः त्यालाही आपल्याला कमी दिसते हे ठाऊक नसते. दृष्टी तपासण्यासाठी शिक्षकांना वापरता येईल असा अक्षरांचा तक्ताही बिने आणि सिमाँ यांनी तयार केला.

१९०७ साली या दोघांनी शिक्षकांसाठी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अभ्यासात मागे राहणारी मुले आणि चंचल, बेशिस्त, वर्गात न टिकणारी मुले असे दोन भेद केले, तसेच काही मुलांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात, हेही नोंदविले. ज्याचे वागणे अडचणीचे आहे त्याची बुद्धी कमी असतेच असे नाही, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी ती बहुतेक शिक्षकांच्या गावीही नव्हती. त्याच वर्षी पॅरिसमध्ये असे विशेष वर्ग प्रयोगादाखल सुरू झाले आणि १५ एप्रिल १९०९ रोजी त्यांना मान्यता देणारा कायदा झाला.

या वर्गांत मुलांना आधी शिकावयास शिकवावे, असा बिने यांचा कटाक्ष होता. चंचल मुलाला एकदम गणिताला बसविण्यात काय अर्थ? म्हणून तेथे पुतळ्याचा खेळ खेळत. खूण होताच ज्याने त्याने ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुतळ्यासारखे निश्चल राहावयाचे. पहिल्या दिवशी हशा पिकतो आणि कोणीच टिकत नाही; पुढे पुढे चढाओढ लागते आणि सेकंद वाढत जातात. दुसरा एक खेळ स्मरणाचा होता. पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या वस्तू पाच सेकंद दाखवावयाच्या आणि मग मुलांनी त्यांची नावे लिहावयाची. सरावाने मुले इतकी तरबेज होत की, पाहावयास आलेले पुढारी त्यांच्यापुढे हरत. शरीराचे वाकडे हाड जसे उपचाराने सरळ करतात, तसे लक्ष, स्मरण व इच्छाशक्ती यांनाही व्यायामाने वळण लावता येते, असे बिने यांचे मत होते. बुद्धी ही जन्माची ठरलेली असून तिच्यात तिळमात्र वाढ होत नाही, असे सांगणाऱ्या विद्वानांवर त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कडक टीका केली.

१९११ साली त्यांनी कसोट्यांची आणखी एक सुधारित आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिमाँ मात्र १९६१ पर्यंत हयात होते.

बिने यांच्या मागे त्यांच्या कसोट्यांचे जे झाले ते सारेच त्यांना रुचले असते, असे नाही. १९१२ साली जर्मनीत स्टर्न यांनी बुद्धीची पातळी आणि वय यांचा भागाकार काढण्याची युक्ती सांगितली; १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी त्यावरून बुद्धिगुणांक प्रचारात आणला. त्या आधीच गॉडार्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने या कसोट्या बोटीने परदेशांतून आलेल्या, थकल्याभागल्या, इंग्रजीचा गंधही नसलेल्या लोकांना लावून त्यांना मंदबुद्धी ठरविले होते. मुलाला मदत करण्यासाठी घडविलेले साधन माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले. बुद्धी म्हणजे काही कापडासारखी वारांनी मापण्याची वस्तू नव्हे, असे स्वतः बिने बजावीत आले होते. पण आकड्याचा मोह लोकांना आवरला नाही.

आपल्याकडे हे साधन योग्य तऱ्हेने आणावयाचे, तर केवळ भाषांतर करून भागणार नव्हते. फ्रान्समधील मुलाला जे रोज दिसते ते आपल्या मुलाला दिसत नाही, आणि परभाषेत विचारलेला प्रश्न बुद्धीऐवजी भाषाच तपासतो. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी या कसोट्या नव्याने बसविल्या. १९३४ साली त्या सिद्ध झाल्या आणि १९४० साली त्यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने आणि कामत या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी पुढे आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी वापरात आली. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांसाठी ‘कामायनी’ ही संस्था सुरू केली. ज्या मुलांना पूर्वी घराच्या आतल्या खोलीत ठेवीत, ती आता दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली.

२०१६ साली भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. वाचन, लेखन किंवा गणित यांतील विशिष्ट अडचण आणि स्वमग्नता यांचाही त्यात समावेश आहे, आणि शिकण्यातील अशी अडचण शक्य तितक्या लवकर ओळखून उपाय करण्याचे कर्तव्य सरकारी व सरकारमान्य शाळांवर टाकलेले आहे. म्हणून आज पुण्यातील एखादी आई मुलाच्या तपासणीसाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत येते, तेव्हा ती मेहेरबानी मागत नसते. तपासणीच्या दिवशी तिने बाहेरच्या बाकावर थांबावयाचे असते. आत मुलगा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला असतो, आणि बाई अजून पेटी उघडीत नाहीत. आधी त्याचे घरातले लाडके नाव काय, शाळेतून घरी जाताना वाटेत त्याला काय काय दिसते, एवढेच विचारीत असतात.